आजीबाईंना दिलेला नकार : पंडिता रमाबाईंची पत्रं वाचताना

‘तुझं सत्य तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.’ वाद मिटवायचा असला की आमच्या पिढीला हे वाक्य फार उपयोगी पडतं. मीही ते कितीदा टाईप केलं असेल. त्यात कुणाचा अपमान होत नाही, कुणाला ब्लॉक करावं लागत नाही. पण मागच्या वर्षी एका मैत्रिणीने आमच्या ग्रुपवर लिहिलं, की ऑफिसमधला वरिष्ठ तिला कसा त्रास देतो. खाली कुणीतरी अगदी समजूतदारपणे उत्तर दिलं, की त्याची बाजू वेगळी असेल, शेवटी प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं. मैत्रीण ग्रुप सोडून गेली.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की हे वाक्य सगळ्यांना सारखं उपयोगी पडत नाही. ज्याच्या हातात बढती आहे, पगारवाढ आहे, त्याचं या वाक्याने काहीच बिघडत नाही. जिच्यापाशी ‘हे घडलं, आणि ते चूक होतं’ एवढंच म्हणायला आहे, तिच्या हातून मात्र तेवढंही जातं.

मग याच्या उलट बोलायचं का? ‘सत्य एकच असतं’ असं म्हणायचं? तिथेही पाय अडखळतो. कारण असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा पुढचं वाक्यही जोडतात : ‘आणि ते आमच्याकडे आहे.’ धर्मगुरू जोडतात, पुढारी जोडतात, घरातले थोरलेही जोडतात. त्या दुसऱ्या वाक्याच्या भीतीनेच तर आपण ‘प्रत्येकाचं आपापलं’ या आडोशाला जाऊन बसलो आहोत.

या दोन वाक्यांमधली गाठ सोडवता येते का, असा विचार चालू असताना मी पंडिता रमाबाईंची पत्रं पुन्हा वाचायला घेतली. रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या शारदा सदनाच्या संस्थापक म्हणून, एका परिच्छेदापुरत्या. पत्रांतल्या रमाबाई वेगळ्या आहेत. त्या हट्टी आहेत, तिरकस बोलतात, दुखावतात आणि दुखावल्याही जातात. मुख्य म्हणजे सत्य आणि अधिकार या दोन गोष्टींवर त्यांनी आपल्या जिवलगांशी घातलेला वाद मला आजही ताजा वाटतो.

पत्रं कुणाला, कशाबद्दल

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या. तोवर त्यांचं निम्मं आयुष्य पायी प्रवासात गेलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमत झुगारून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाला. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत राहिलं. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. १८८०मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या शूद्र मानल्या जाणाऱ्या जातीतल्या वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षांत तेही गेले. मागे राहिली लहानगी मनोरमा.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तिथे मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. सिस्टर जेराल्डीन यांना त्या लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. पत्रांमधला सगळा वाद या आजीबाईंशी आहे. परक्या साहेबाला नकार देणं सोपं असतं. जिने आजारपणात सेवा केली, मुलीला मांडीवर घेतलं, जिच्या आश्रयाला आपण राहतो, तिला ‘हे मला पटत नाही’ असं लिहिणं अवघड.

वादाचे मुद्दे वाचताना आधी हसू येतं. पुडिंगमध्ये अंडं असतं, ते शाकाहारी रमाबाईंना चालत नाही, आणि त्यात सिस्टरला जातीचा उरलेला अहंकार दिसतो. क्रूसावर लॅटिन अक्षरं आहेत, रमाबाईंना संस्कृत हवी आहेत. त्या विचारतात, की लॅटिन भाषा जास्त पवित्र असते का? ब्राह्मणांना संस्कृतबद्दल जे वाटतं तेच तुम्हांला लॅटिनबद्दल वाटतं का? हा प्रश्न थट्टेचा नाही. त्यांनी एका देवभाषेची मक्तेदारी आतून पाहिली होती. दुसरी देवभाषा समोर आल्याबरोबर त्यांनी ती ओळखली.

मग मुद्दे जड होत जातात. रमाबाईंनी इंग्रज तरुणांना शिकवावं, अशी एक सूचना पुढे आली. त्यावर लाहोर आणि मुंबई इथल्या बिशपांनी हरकत घेतली : पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात या बाईंचं वजन राहणार नाही. रमाबाई चिडल्या. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ केला, पुण्यात पुरुषांच्या सभेत व्याख्यानं दिली, १८८२मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली, तिला हिंदुस्थानातल्या रीतिरिवाजांची भीती इंग्रज बिशप घालत होते.

आणि सगळ्यांत खाली मूळ प्रश्न होता श्रद्धेचा. देव एक आहे आणि येशू तारणारा आहे, हे रमाबाईंना मनापासून मान्य होतं. पण त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार सांगतो, की हा विश्वास जसाच्या तसा न धरणाऱ्याचा नाश होईल. तो त्यांच्या गळी उतरेना. चर्च सांगतं म्हणून मान, असं सिस्टरचं म्हणणं. त्यावर रमाबाईंनी १८८५च्या मे महिन्यात दिलेल्या उत्तराचा आशय असा : एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय. दुसऱ्या पुरोहितवर्गाचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा समजून पुन्हा तसलंच जोखड घ्यायला मी तयार नाही. देवाने मला बुद्धी आणि सदसद्विवेक दिलाय, तो वापरणं माझं काम आहे.

हे ‘माझं सत्य’ नव्हे

आजचा वाचक इथे पटकन टाळी वाजवतो. बघा, ही आपल्यासारखीच! कुणाचं ऐकत नाही, स्वतःचं सत्य स्वतः शोधते! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पत्रं सलग वाचली की हे वाचन टिकत नाही.

‘हे माझ्यापुरतं खरं आहे’ असं रमाबाई म्हणत नाहीत. तसं म्हटलं असतं तर भांडण एका दिवसात मिटलं असतं. सिस्टरचं त्रैक्य सिस्टरपाशी, रमाबाईंचा एक देव रमाबाईंपाशी. त्या मात्र शास्त्रवचनं काढतात, अर्थ विचारतात, पुरावा मागतात. मूळ शब्द काय आहे हे पाहता यावं म्हणून पुढे ग्रीक आणि हिब्रूच्या मागे लागतात. जे शोधायचं आहे ते आपल्या मनाच्या बाहेर आहे, आणि आपण त्याबाबत चुकू शकतो, असं मानणाराच एवढी खटपट करतो. सत्य माझ्याच मनात असेल तर ग्रीक कशाला शिकायचं?

सिस्टर जेराल्डीन यांची बाजूही दुबळी नाही. त्या विचारतात, की शेकडो वर्षं असंख्य माणसांनी प्रार्थना करून, वाद घालून, जीव देऊन जे जपलं, ते एकटीच्या बुद्धीवर तोलायचं, यात गर्व नाही का? एकटा माणूस सहज चुकतो, म्हणूनच मंडळी असते. यात तथ्य आहे. फोनवर दोन व्हिडिओ पाहून डॉक्टरला अक्कल शिकवणारी माणसं आपल्या आसपास आहेतच.

पण सिस्टर आणि रमाबाई यांच्यातला खरा फरक ‘परंपरा की व्यक्ती’ हा नाही. सिस्टरच्या मनात सत्य आणि सत्य सांगण्याचा अधिकार एकमेकांना इतके चिकटले आहेत, की एकाला प्रश्न विचारला की दुसऱ्याचा अवमान होतो. रमाबाई ते दोन वेगळे करतात. सत्य देवाचं आहे, म्हणजेच ते चर्चचं नाही, बिशपचं नाही, आणि माझंही नाही. सदसद्विवेक त्यांच्या लेखी सत्याचा मालक नाही, साक्षीदार आहे. साक्षीदार चुकू शकतो, त्याची उलटतपासणी होऊ शकते. पण त्याचं तोंड दाबून निकाल लावता येत नाही.

ख्रिस्ती विचारात हा धागा जुना आहे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळायला हवी, असं पेत्र धर्मसभेला ऐकवतो, तिथून तो सुरू होतो. १५२१मध्ये वर्म्सच्या सभेत ल्यूथर सदसद्विवेकाचीच सबब सांगतो. कॅथलिकांमध्येही जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५मध्ये लिहिलं, की पेला उंचवायचाच झाला तर आधी सदसद्विवेकाच्या नावाने, मग पोपच्या. न्यूमन काही बंडखोर नव्हते, पुढे ते कार्डिनल झाले. ‘अंतिम सत्य आहे’ या श्रद्धेतूनच ‘म्हणून कुठलाही माणूस अंतिम नाही’ हे निघतं, एवढं त्यांनाही दिसत होतं.

विहिरीपाशी आणि वाड्यात

रमाबाई या धर्माकडे वळल्या कशामुळे, हे त्यांनी १९०७च्या आत्मनिवेदनात सांगितलंय. त्या लिहितात, की धर्मशास्त्रं वाचताना त्यांना परस्परविरोध फार दिसले. पण स्त्रिया वाईट असतात आणि त्यांना स्वतंत्रपणे मोक्ष नाही, या बाबतीत त्यांनी वाचलेल्या ग्रंथांचं एकमत होतं. नंतर लंडनमध्ये फुलहॅम इथे त्यांनी सिस्टरांचं एक घर पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे माणसासारखं वागवलं जात होतं. असं का, हे त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरने त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

योहानाच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट मला या सगळ्या वादाची किल्ली वाटते. भर दुपारी एक बाई विहिरीवर येते. जात वेगळी, पाच नवरे झालेले, गावाच्या नजरेतून उतरलेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती त्याला त्या काळचा सगळ्यांत मोठा वादाचा प्रश्न विचारते : भक्ती आमच्या डोंगरावर करायची की तुमच्या यरुशलेमात? अधिकृत ठिकाण कोणतं? तो सांगतो, की खरे भक्त या दोन्ही ठिकाणांवर अवलंबून राहणार नाहीत, ते आत्म्याने आणि सत्याने भक्ती करतील. म्हणजे सत्य या शब्दामुळे जागेचा, जातीचा, पुजाऱ्याचा मक्ता सुटतो. सत्य तिच्यावर लादलं जात नाही, त्यामुळे ती मोकळी होते. तिच्या आयुष्याबद्दलचं खरंही तो लपवत नाही, पण त्याचा दगड करून तिला मारत नाही.

याच शुभवर्तमानात पुढे पिलात येतो. समोर बांधलेला कैदी आहे, तो सत्याबद्दल बोलतोय. सत्य म्हणजे काय, असं पिलात विचारतो, आणि उत्तराला न थांबता बाहेर जातो. हा प्रश्न आज कुठल्याही पॉडकास्टवर शोभून दिसेल. पण तो कोण कुणाला विचारतंय ते पाहा. पिलाताला सत्याची गरज नव्हती, त्याच्याकडे शिपाई होते. ‘सत्य असं काही नसतंच’ हे म्हणणं सत्तेला परवडतं. ज्याच्याकडे शिपाई नाहीत त्याला मात्र सत्य असावंच लागतं, कारण दाद मागायला दुसरी जागा नसते.

जोतीराव फुल्यांना हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. रमाबाईंच्या धर्मांतरावर पुण्यात टीकेची झोड उठली, तेव्हा १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. स्वतः ख्रिस्ती न झालेल्या माणसाने, स्वतःच्या समाजाचं नाव ‘सत्यशोधक’ ठेवणाऱ्या माणसाने ती घ्यावी, यात आश्चर्य नाही. शास्त्रं बाईला आणि शूद्राला काय म्हणतात हे वाचून ‘हे खोटं आहे’ असं म्हणायचं, तर खरं-खोटं ठरवणारं काहीतरी शास्त्रांच्या वर मानावंच लागतं. दोघांनी ते मानलं.

अधिकार हातात आल्यावर

इथवर रमाबाईंची आरती झाली. पण अधिकाराला प्रश्न विचारणारं माणूस पुढे स्वतः अधिकारावर बसलं तर काय करतं, ही कसोटी त्यांनाही लावायला हवी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं आश्वासन होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं त्या भरवशावर सल्लागार मंडळात होती. रमाबाईंनी मुलींना त्यांची पूजाअर्चा करू दिली. स्वतःची प्रार्थना त्या स्वतःच्या खोलीत करत, पण दार उघडं ठेवून. मुली येऊन बसू लागल्या, काहींना बाप्तिस्म्याची ओढ लागली. ‘केसरी’ने हल्ला चढवला, आणि १८९३मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला.

रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी सक्ती करत नाही, पण माझी श्रद्धा लपवणारही नाही. यात खोटं काही नाही. तरी मला हा बचाव अपुरा वाटतो. जिचं डोकं भादरलं गेलं, जिला घरात अपशकुनी म्हटलं गेलं, अशा बारा-चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कुणीतरी जवळ घेतलं, तर ती त्या बाईच्या उघड्या दाराशी जाणारच. तिथे सक्ती लागत नाही. प्रेमालाही वजन असतं, आणि आजीबाईंच्या प्रेमाचं वजन सोसलेल्या रमाबाईंना ते इतर कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि बायका घेऊन आल्या, आणि केडगावची मुक्ती वाढत गेली. तोवर त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेलाही नवं, अधिक बायबलनिष्ठ वळण लागलं होतं. आधी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, असं त्यांनीच सांगितलंय. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. चेल्टनहॅमच्या रमाबाईंचं ‘नाही’ आपल्यापर्यंत पोचलं, कारण त्या लिहू शकत होत्या. मुक्तीतल्या मुलींचं म्हणणं मात्र आपल्यापर्यंत बहुतेक वेळा संस्थेच्या अहवालांतून, म्हणजे बाईंच्या बाजूने पोचतं. भाकरी देणाऱ्या हाताला नकार देणं रमाबाईंना जमलं होतं, पण त्यांच्यापाशी ‘पंडिता’ ही पदवी होती. दुष्काळातून आलेल्या मुलीपाशी काय होतं?

या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर मला त्यांच्या शेवटच्या कामात दिसतं. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर होतं, ते साध्या बाईला कळत नव्हतं. म्हणून संस्कृतची ही पंडिता हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत उतरवत बसली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामं बायकाच करत होत्या. १९२१मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, भाषांतर संपवूनच.

अधिकार टिकवायचा असेल तर माणूस याच्या उलट करतो. तो पुस्तक अवघड भाषेत ठेवतो आणि अर्थ सांगण्याचं काम आपल्याकडे घेतो. रमाबाईंनी मुलींना आधी अक्षर दिलं, मग ज्याच्या आधारावर आपण बोलतो ते पुस्तकच त्यांच्या भाषेत त्यांच्या हातात दिलं. उद्या एखादी मुलगी त्याच पानावर बोट ठेवून म्हणू शकली असती, की बाई, इथे तर असं लिहिलंय. मुक्तीतल्या सगळ्या प्रश्नांची भरपाई याने होत नाही. पण ज्याला स्वतःच्या अधिकाराहून सत्य मोठं वाटतं, तोच आपल्याविरुद्ध वापरता येईल असं साधन समोरच्याच्या हाती देतो.

रमाबाईंची पत्रं टिकली त्यालाही हाच न्याय लागू पडतो. ती जमवून ठेवली सिस्टर जेराल्डीन यांनी. ज्या पत्रांत आपणच निरुत्तर झालेल्या दिसतो ती त्यांनी फाडून टाकली नाहीत. १९७७मध्ये ती संपादित करून प्रसिद्ध केली अ. भि. शहा यांनी, ज्यांनी हयात सेक्युलर चळवळीत घालवली. एक नन, एक ख्रिस्ती बंडखोर आणि एक इहवादी संपादक, तिघांचं एकमेकांशी फारसं पटलं नसतं. तरी काय लिहिलं गेलं ते जसंच्या तसं राहायला हवं, एवढं तिघांनाही वाटलं, म्हणून मी ते आज वाचू शकते.

मैत्रिणीला मी उशिरा का होईना मेसेज केला. ‘प्रत्येकाचं सत्य’ वगैरे काही लिहिलं नाही. तुझ्याशी जे झालं ते चूक होतं, एवढंच लिहिलं. तिचं उत्तर आलं : तुला काय माहीत काय झालं ते?

बरोबर होतं तिचं. मी फोन लावला, आणि म्हटलं, सांग.